चालून दाखव

शहादेव जाऊन वर्ष झालं तरी त्याचं रान अजून त्याच्याच मर्जीनं वाढत होतं. उमापूरच्या माळावरची ती दीड एकराची सुबाभूळ चार वर्षांपूर्वी कापलेली. खुंटांना पुन्हा फुटवे आले, फुटव्यांची खोडं झाली आणि आता ती गड्याच्या मांडीएवढी होऊन कापणीला आली होती. कापणार कोण, यावर मात्र घरात सगळे मूग गिळून होते. पहिल्या स्मृतिदिनाला सारं घर जमलं, तेव्हा तोंड उघडावंच लागलं.

सकाळी भन्तेजींनी वंदना घेतली. दुपारी खिरीचं पातेलं खरवडून झालं, पाहुणे जयभीम करून पांगले. ओसरीत घरचीच माणसं उरली. त्यात एक सुग्रीव होता. तो शेळ्या राखणारा, घरचा नव्हे. पण शहादेवबरोबर चाळीस वर्षं त्याच माळावर बसलेला. त्यामुळे त्याला कुणी परका म्हणत नव्हतं आणि तोही उठून जायचं नाव घेत नव्हता.

थोरला प्रवीण बीडहून बायकोला घेऊन आला होता. त्यानं खिशातला फोन काढून मांडीवर ठेवला. म्हणजे बोलणं कामाचं होतं.

"माय, त्या लाकूडवाल्या आप्पारावाचा फोन आलता," तो म्हणाला. "उभं रान घेतो म्हनतो. जेसीबी आनून चार दिसांत मुळासकट साफ करून देतो. आपल्याला बोटबी लावायचं काम न्हाई."

मुक्ताबाई पातेल्याला राख लावत होती. तिचा हात थांबला नाही.

"मुळासकट?" धाकटी सून पौर्णिमा दारातूनच म्हणाली. "भावजी, मामांनी वीस वरसं ते खुंट राखले. मुळ्या गेल्यावर राहिलं काय?"

"राहिली जमीन."

"जमीन तर आदीबी व्हती," सुग्रीव म्हणाला. "नुसते दगड. म्या बघितलेली हाय. शहादेव म्हनायचा, सुबाभळ वीतभर खुंटावर कापा, काप तिरपा द्या, पानी निथळलं पायजे, साल फाटू देऊ नका. एवढं केलं की पावसाळ्यात फुटवा छातीला लागतो. मुळी उपटली की संपलं. मंग बस बोंबलत."

"आन कापायचं कुनी, सुग्रीवकाका?" प्रवीणनं विचारलं. "कुऱ्हाडीचे गडी सगळे ऊसतोडीला गेलेत. तुमी कापता का?"

सुग्रीवनं आपल्या काठीकडे पाहिलं.

"आमी कापतो," पौर्णिमा म्हणाली. "आमी दोघं. कटर घेऊन."

झाडं कापायच्या मशीनला सगळं गाव कटर म्हणायचं. या घरात मात्र तो शब्दही चार वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

"कटर ह्या घरात येनार न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. सातबारा तिच्या नावावर होता, त्यामुळे तिच्या शब्दापुढे अपील नव्हतं. राखेचा हात तिनं पाण्यात बुडवला. "अंजली, जरा बाळूला बोलाव. त्याचंबी ऐकू."

धाकटा बाळू, पौर्णिमाचा नवरा, अंगणातच होता. वीस पावलांवर, लिंबाखाली, मागून आणलेल्या सतरंज्या झटकत होता.

"इथूनच हाक मारा की, आई," थोरली सून म्हणाली.

"तू जाऊन सांग."

अंजली शाळेत शिकवते; मुलं काय बोलतात यापेक्षा काय बोलत नाहीत, हे तिला लवकर कळतं. ती सासूकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि मग उठून गेली.

बाळू आला. उजवा पाय तो किंचित ओढत चालायचा. बघणाऱ्याच्या ते लक्षात येऊ नये म्हणून ओढायच्या आधी जरा थांबायचा, आणि त्यामुळेच ते लक्षात यायचं. सगळं ऐकून घेतल्यावर तो उंबऱ्यावर टेकला.

"देऊन टाक दादा, आप्पारावाला," तो म्हणाला. "एवढ्यासाठी घरात कटकट कावून? मला काय, खताच्या दुकानात बसायची सवय झाली हाय."

पौर्णिमा आत निघून गेली. आत भांड्याचा आवाज झाला, जरा जोरातच.

मुक्ताबाईला वाटलं होतं, पोरगं भांडेल. ते भांडलं असतं तर 'न्हाई' म्हणायला तिला सोपं गेलं असतं. अंगात बळ आल्यापासून या बाळूनं बापाचं रान दुसऱ्या कुणाला कापू दिलं नव्हतं. बापाच्या आधी माळावर जायचा आणि बापाच्या नंतर यायचा. तोच आज सतरंजी झटकावी तसं ते रान झटकून मोकळा झाला होता. पाय तर चार वर्षांपूर्वी गेला होता. पण बाकीचा बाळू कधी गेला, आणि तो घालवला कुणी, हे तिला त्या घटकेला अगदी स्वच्छ दिसलं.

"आई, मी बोलू का?" अंजली म्हणाली. प्रवीणनं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "तुमचं रान तुम्ही ठरवा. पण बाळूभावजींना पोत्यांवर बसवून कुणी जपलं असं होत नाही."

"तू कुनाच्या बाजूची हायेस?" प्रवीण म्हणाला.

"आज पौर्णिमाच्या."

मुक्ताबाईनं हात पदराला पुसले. "कटर येईल," ती म्हणाली.

सुग्रीवची काठी हातातून निसटून खाली पडली.

"पन निवडनार मी. मी निवडीन तेच. आन सुग्रीवभाऊ, रान कापलं की फुटवा वर जाईपतूर तुमची एक शेळी तिकडं दिसता कामा नये."

"पाला तर मला देसाल?"

"सगळा पाला तुमचा."

"मंग शेळ्या काय, मीबी तिकडं जात न्हाई."

प्रवीणला हसू आलं. "माय, तुला कटरमधलं काय कळतं?"

"बैलातलं तरी काय कळत व्हतं? तुज्या बापानं घेतलेला एकूण एक बैल मी चालवून बघितला हाय. शिंगं बघून बैल घेत न्हाईत."

*

दुसऱ्या दिवशी प्रवीणच्या गाडीतून चौघं गेवराईला गेले. अंजली घरी राहिली. म्हणाली, मशीनच्या दुकानात माझं काय काम. पण निघताना तिनं पौर्णिमाच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि हात जरा दाबला. कालपर्यंत या दोन जावांचं बोलणं मिठामिरचीपलीकडे जात नव्हतं.

दुकान हमरस्त्याला लागून होतं. दारात फवारणीचे पंप, आत भिंतीवर ओळीनं टांगलेली कटरं. मालक हरिओम तिशीतला, बोलका. त्यानं चौघांकडे पाहिलं, गिऱ्हाईक म्हणून प्रवीणला निवडलं आणि सगळ्यात मोठं कटर काढून काउंटरवर ठेवलं.

"हे घ्या साहेब. बावीस इंची पट्टी, तिच्यावर दातांची चेन. वडाचं झाड लोण्यावानी कापतं. गेवराई तालुक्यात सगळे हेच नेतेत."

"आमच्याकडं वड न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "मांडीएवढी सुबाभळ हाय. बाळू, उचल ते."

बाळूनं उचललं. मोठी मशीन हातात आल्यावर पुरुषाची पाठ आपोआप ताठ होते, तशी त्याचीही झाली.

"चालून दाखव."

"कुठं?"

"त्या पलीकडच्या लिंबापतूर जा आन ये."

हरिओम हसला, पण म्हातारी हसत नाही हे पाहून थांबला. बाळूनं दुकानाबाहेर पाऊल ठेवलं आणि कटर झोकात खांद्यावर टाकलं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. त्या घरातून माळावर गेलेल्या प्रत्येकाच्या खांद्यावर कुऱ्हाडच होती. आजाच्या, बापाच्या, त्याच्या. हात आपसूक तिकडेच गेला.

"खांद्यावर न्हाई," मुक्ताबाई मागून म्हणाली. "कुऱ्हाड न्हाई ती. हातात धर."

"हातात? घागरीवानी?"

"व्हय, घागरीवानी. आन पट्टी माघारी. मानूस पडला तर पुढं पडतो. पट्टी माघारी राहिली पायजे."

"मावशी, तुमाला कुनी शिकवलं?" हरिओमनं विचारलं. "कंपनीची मानसं अगदी हेच सांगतेत. वरची दांडी धरायची, पट्टी माघारी, धुराचं नळकांडं अंगापासून लांब. पन ऐकतंय कोन."

मुक्ताबाई बाळूची पावलं बघत होती. लिंबापर्यंत तो ठीक गेला. परत येताना पाय ओढण्याआधीचं ते थांबणं लांबत गेलं. दुकानात येऊन त्यानं कटर ठेवलं तेव्हा तो हसत होता, पण वरच्या ओठावर घाम होता.

"काईच जड न्हाई," तो म्हणाला.

"बरं. आता चालू कर."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत हरिओमनं मशीन जमिनीवर ठेवली, पायानं दाबली, दोरी ओढली. मुक्ताबाई ओठातल्या ओठात मोजत होती. सहाव्या ओढीला मशीन चालू झाली.

"बंद कर," ती म्हणाली. "आता परत."

चार ओढी.

"बंद कर. परत."

हरिओम वैतागला. दोरी ओढून त्याचा खांदा भरून आला असावा. "मावशी, सारखी बंद कशाला करायची? एकदा चालू झाली की ह्या झाडावरून त्या झाडाला चालूच ठिवून जातेत सगळे. दोन पावलांसाठी कोन बंद करतं?"

तो सहज बोलला. त्याला काय माहीत, आपण कशावर पाय दिला ते. पण ते ऐकून प्रवीण वळला आणि उगाच भिंतीवरच्या पंपांकडे बघू लागला. पौर्णिमानं मान खाली घातली. मुक्ताबाईच्या कानात मात्र चार वर्षांपूर्वीची ती दुपार भरभरून आली.

तेव्हा मशीन मागून आणलेली होती. जुनी. दहा-बारा ओढी घेतल्याशिवाय सुरू व्हायची नाही. म्हणून बाळू ती बंदच करत नव्हता, फटफटती मशीन हातात घेऊनच झाडामागून झाड करत होता. भाकरीची वेळ झाली. मुक्ताबाई बांधावर भाकरीचं गाठोडं सोडून बसली होती आणि भाजी गार होत होती. तिनं हाक मारली. "बाळूऽऽ, ये रे लवकर." आणि तो वळला, चालू मशीन घेऊन, हसत, लगबगीनं. पाल्याखाली ताजा खुंट होता. तिनं त्याला पडताना पाहिलं.

हाक आपण मारली होती, हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. शहादेवलासुद्धा नाही, तो बिचारा मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिला की पोराला जुनी मशीन कशाला दिली. त्या दिवसापासून तिनं बाळूला हाक मारणंच सोडलं. काम असलं की कुणाला तरी पाठवायचं, नाही तर स्वतः उठून त्याच्यापर्यंत जायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं तर ताकच सोडून दिलं होतं.

"दुसरी दाखव," ती हरिओमला म्हणाली. "लहान."

"सोळा इंची हाय. पन ती बायका-लेकरांची—"

"तीच दाखव."

सोळा इंची कटर घेऊन बाळू पुन्हा लिंबाकडे निघाला. तेवढ्यात प्रवीण आईशेजारी येऊन उभा राहिला. दोघांचीही नजर त्या चालण्यावर होती. प्रवीण दर सणाला घरी यायचा, पण भावाला एवढं लांब चालताना त्यानं या चार वर्षांत पाहिलं नव्हतं. घरात माणूस चारच पावलं चालतो. त्यात काही कळत नाही.

"माय," तो हळू म्हणाला, "मपली पहिली गाडी मी कावून इकली, ठावं हाय का तुला?"

"लहान पडती म्हनलास."

"लहान न्हवती. बाळूला तिच्यातच घालून बीडला नेलतं ना. माघलं सीट तीनदा धुतलं. रंग गेला, पन मला दिसायचंच. मशीन नको, रान नको, आप्पारावाला देऊन टाकू, हे म्या काय आळसानं म्हनत न्हवतो."

मुक्ताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. या पोराला ती चार वर्षं कोरडा समजत आली होती. कोरडा नव्हता, तिच्यासारखाच घाबरलेला होता, आणि तिच्यासारखाच ते दुसऱ्या कशाखाली तरी झाकून बसला होता. आपलीच पोरं आपल्याला इतकी उशिरा कळावीत, याचं तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पाठीवर, भर रस्त्यात.

बाळू परत येत होता. "दादा, बघ बे, त्या टपरीवर आपल्या मामाच्या गावचा मानूस बसलाय," तो लांबूनच सांगू लागला. "मला म्हनतो, कटर घेऊन कुठं फिरायलायस रस्त्यानं, झाडं तर इकडं हायेत."

"हीच," मुक्ताबाई म्हणाली.

"अगं, अजून चालू करून बघितली न्हाई," प्रवीण म्हणाला.

"मोठी घेऊन आला तवा मुका आला. ही घेऊन बोलत आला. पन थांब, चालू करूनबी बघू. पौर्णिमा, तू ओढ."

पौर्णिमा पुढे झाली. पदर कमरेला खोचला, हरिओमनं सांगितलं तसा मशीनवर पाय ठेवला आणि दोरी ओढली. पहिल्या ओढीला खोकल्यासारखा आवाज आला. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली. सासूनं पाच वेळा बंद करायला लावली. पाचही वेळा दुसऱ्या ओढीच्या आत चालू. हरिओमच्या तोंडून 'बायका-लेकरांची' हे पुन्हा निघालं नाही.

"आता तूबी चालून दाखव," मुक्ताबाई सुनेला म्हणाली. "तोच थकंल आन तू नुसती बघत राहशील, असं न्हाई चालायचं."

पौर्णिमा लिंबापर्यंत जाऊन आली. बाळू दारात उभा राहून बघत होता, आणि लग्नात नवरी मांडवात येताना बघितली नसेल इतकं लक्ष देऊन बघत होता.

प्रवीणनं हरिओमला बाजूला घेतलं. "पायाला घालायचं काई मिळतं का? मांडीला?"

"मिळतं की. जाड कापडाचं असतं. चेन लागली तर धागे निघून गुरफटतेत आन चेन जागीच थांबती. पन कुनी मागत न्हाई, म्हनून आत ठेवलंय."

"दोन काढा."

मग तो फोन घेऊन रस्त्याच्या कडेला गेला. "आप्पारावजी, नमस्कार. न्हाई, जेसीबी नका पाठवू. रान घरीच कापायचं ठरलंय. आमच्या मायनं ठरवलंय, तवा माझ्याकडं इलाज न्हाई."

*

आठ दिवसांनी माळावर पहिलं झाड पडलं.

ओढा उतरून, चढण चढून रानापर्यंत पाव तासाची वाट. बाळूनं कटर हातात धरलं होतं, वरच्या दांडीनं. पट्टी माघारी, पट्टीवर तिचं प्लास्टिकचं म्यान. वाटेत दोनदा त्याचा हात नकळत खांद्याकडे गेला आणि दोन्ही वेळा पौर्णिमा मागून नुसती खोकली. तिच्याकडे पेट्रोलचा डबा, ऑइल आणि लाकडी पाचरी. मांडीला बांधलेल्या त्या जाड कापडामुळे दोघांचीही चाल बदकासारखी झाली होती. सुग्रीव ओढ्याच्या अलीकडे शेळ्या अडवून उभा होता. कबूल केल्याप्रमाणे एकही शेळी पुढे आली नाही; आला तो सुग्रीवच, पाल्याच्या पेंढ्या बांधायला. तो 'मीबी जात न्हाई' म्हणाला होता याची मुक्ताबाईनं आठवण करून दिली, तेव्हा तो म्हणाला, "मी काय फुटवा खातोय का?"

काम सुरू होण्याआधी बाळू खाली बसला. पहिल्या खोडाच्या बुडाशी त्यानं हाताची वीत लावली. अंगठा जमिनीला, करंगळी सालीवर. शहादेव अशीच लावायचा. मग करंगळीपाशी गेरूची रेघ ओढून तो उठला आणि कानांत आवाज अडवायची बोंडं घातली.

मुक्ताबाई बांधावरच्या लिंबाखाली बसली. भाकरीचं गाठोडं शेजारी. तिला इथून उठवत नव्हतं आणि बघवतही नव्हतं. एकेक झाड करकरत झुकायचं, पडायचं. पौर्णिमा फांद्या बाजूला ओढायची, सुग्रीव पाला बांधायचा, आणि खाली राहायचा तो वीतभराचा खुंट. तिरपा, ओला, पिवळसर. प्रत्येक झाडानंतर बाळू मशीन बंद करत होता का, ते तिला झाडोऱ्यातून दिसत नव्हतं. आवाज मधूनमधून थांबायचा. पण तो त्यानं थांबवला की आपोआप थांबला, कोण सांगणार.

ऊन डोक्यावर आलं. भाकरीची वेळ झाली.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. सुग्रीव पेंढ्या घेऊन ओढ्याकडे गेलेला. पौर्णिमा रानाच्या पलीकडच्या टोकाला, फांद्यांत. उठून जावं तर गुडघे बसून बसून आखडलेले. भाजी गार होत होती. सगळं अगदी तसंच जमून आलं होतं, जसं काही त्या दुपारनं चार वर्षं याच बांधावर वाट बघितली होती.

एक झाड पडलं आणि मधला आडोसा गेला. बाळू सरळ झाला. त्यानं कानातली बोंडं काढून गळ्यात टाकली. हातातली मशीन सावकाश फटफटत होती. पुढचं झाड चार पावलांवर होतं.

हाक मारू नये, असं मुक्ताबाईचं सगळं अंग सांगत होतं. पण हाक न मारता आणखी किती वर्षं काढायची? आणि उद्या आपण नसलो, तर हे पोर कुणाच्या तरी हाकेला वळणारच की. बघायचं असेल तर आत्ताच बघितलं पाहिजे. तिनं पदर मुठीत धरला.

"बाळूऽऽ! ये रे, भाकरी खायला."

आवाज चिरकला, पण गेला. बाळू जागच्या जागी थांबला. वळला नाही. आधी अंगठ्यानं बटण दाबलं. फटफट बंद पडली आणि सारा माळ एकदम शांत झाला. इतका, की ओढ्यापलीकडच्या शेळ्यांचं पाला चावणं ऐकू आलं. त्यानं ब्रेक पुढे लोटला, कमरेला खोचलेलं म्यान काढून पट्टीवर चढवलं, पट्टी माघारी केली. मग वळला. पाल्याखालचे खुंट पायानं चाचपत, एकेक पाऊल टाकत बांधावर आला. त्याला घाई नव्हती.

मशीन लिंबाच्या सावलीत ठेवून तो आईसमोर बसला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"त्या दिवशीबी मीच हाक मारलती," ती म्हणाली. "मी हाक मारली म्हनून तू वळलास."

"ठावं हाय की मला."

"ठावं हाय? मंग बोलला कावून न्हाईस कधी?"

"काय बोलायचं? तू जेवायलाच बोलावलं व्हतंस, माय. मशीन बंद करायची अक्कल मपली, तुपली न्हाई." त्यानं गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटत नव्हती. "मला दुसरंच वाटायचं. चार वरसं झाली, तू मला हाक मारीत न्हाईस. ह्याला धाडतीस, त्याला धाडतीस. वाटलं, पाय गेला तवा मी तुला… म्हनजे नजरेला नको झालो तुज्या."

आपण त्याला जपतोय असं समजून चार वर्षं रोज त्याला काय देत आलो, ते मुक्ताबाईला आत्ता कळलं. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, लहानपणी नाक पुसायला धरायची तसं. हाताला राखेचा वास होता, त्याच्या गालाला पेट्रोलचा.

"येडं रे माजं," ती म्हणाली. "लई येडं."

पौर्णिमा फांद्यांतून बाहेर आली, दोघांना पाहिलं आणि न विचारता भाकरीवर भाजी वाढू लागली. सुग्रीवही आला. त्यानं आल्या आल्या रांगेतले खुंट न्याहाळले, एकाला वीत लावून पाहिली. "शहादेवाचीच वीत पडली बे तुला," तो बाळूला म्हणाला आणि ठेच्याकडे हात पुढे केला.

जेवण झाल्यावर बाळू रानाच्या पार पलीकडच्या टोकाला गेला. मशीनचा आवाज लांबून येऊ लागला. मुक्ताबाईनं भांडी आवरली, गाठोडं बांधलं. आता घरी जायला हरकत नव्हती. ती बांधावर उभी राहिली. एक झाड पडल्याचा आवाज झाला, मशीन हळू झाली. तिनं तोंडाशी हात नेला.

"बाळूऽऽऽ!"

फटफट तिथल्या तिथे थांबली.

"काय गं माय?"

"काई न्हाई. चालू दे."

पलीकडून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग दोरी ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. आणि दुसऱ्या ओढीला मशीन चालू झाली.